माहितीचें कोठार आणि गांवाचें पाणी

ज्या वस्तूचें नांव सौम्य, तिचा परिणामही सौम्यच असावयाचा, असा एक भोळा समज आपल्या सुशिक्षित समाजांत खोल रुजलेला आहे. कारखाना म्हटला कीं डोळ्यांपुढें धुराडें उभें राहतें, भोंगा ऐकूं येतो, काळवंडलेलीं घरें दिसूं लागतात. आणि मग त्याविरुद्ध कोणीं तक्रार केली तर ती आपणांस निदान समजूं शकते. पण ‘डेटा सेंटर’ हा शब्द ऐकल्यावर मनांत कसलेंच चित्र उमटत नाहीं. फार तर काचेची एक स्वच्छ इमारत, थंड हवा आणि लुकलुकणारे दिवे. वर्तमानपत्रांत अमुक हजार कोटींचा करार झाल्याची बातमी येते, मंत्री व उद्योगपति हस्तांदोलन करीत असल्याचें छायाचित्र येतें, आणि चहाचा पेला खालीं ठेवीपर्यंत आपण पुढल्या पानावर गेलेले असतों. ज्या गांवच्या वेशीजवळ ही इमारत उभी राहावयाची, त्या गांवाचें नांव पुष्कळ वेळां त्या बातमींत नसतेंच. आज आम्हांस बोलावयाचें आहे तें या न छापलेल्या नांवाविषयीं.

प्रथम ही वस्तु आहे तरी काय, हें नीट पाहिलें पाहिजे. आपण धाडलेला प्रत्येक निरोप, बँकेंतील प्रत्येक उलाढाल, भाचीच्या लग्नाचीं शेंकडों छायाचित्रें, आणि आतां कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलेला प्रत्येक प्रश्न, हें सर्व कोठें तरी एखाद्या यंत्रांत सांठविलें वा तपासलें जातें. त्या जागेला ‘क्लाउड’ असें लाडकें नांव मिळालें आहे. पण हा मेघ आकाशांत नसून ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल येथें जमिनीवर, सिमेंटच्या भिंतींआड आहे. तेथें हजारों यंत्रें रात्रंदिवस चालतात, आणि त्यांना पुरविलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णतेंत परिणत होते. ती उष्णता बाहेर टाकली नाहीं तर यंत्रें बंद पडतील. ती टाकण्याचे मुख्य मार्ग दोन: पाण्याचें बाष्प करून, किंवा पंख्यांनीं व शीतकयंत्रांनीं ती हवेंत फेंकून. पहिल्या मार्गानें पाणी अधिक जातें, दुसऱ्यानें वीज अधिक जाते. म्हणून जो प्रतिनिधि ‘आम्ही पाणी फारसें वापरीत नाहीं’ असें सांगतो त्याला विजेचा हिशेब विचारावा, आणि जो विजेच्या काटकसरीची प्रौढी मिरवितो त्याला पाण्याचा विचारावा. दोन्ही हिशेब एकाच कागदावर मागितल्यावांचून सत्य हातीं लागत नाहीं.

येथें एक साधी आकडेमोड करूं. तिला कोणत्याही कंपनीच्या अहवालाची गरज नाहीं. शाळेंतील पदार्थविज्ञान पुरें आहे. एक लिटर पाण्याचें बाष्प होतांना सुमारें दोनतृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. एक मेगावॉट चालणाऱ्या यंत्रांतून तासाला एक हजार युनिटांची उष्णता निघते. ती सर्व बाष्पावाटे घालवावयाची तर तासाला सुमारें १,५०० लिटर, म्हणजे दिवसाला ३६,००० लिटर पाणी हवेंत जाईल. शंभर मेगावॉटांच्या केंद्राला याच हिशेबानें दिवसाला ३६ लक्ष लिटर लागतील. शहरांत माणशीं रोज १३५ लिटर पाणी हें सरकारी प्रमाण आहे. त्या प्रमाणानें हें २६,००० हून अधिक माणसांचें पाणी झालें. खेड्यासाठीं प्रमाण ५५ लिटरांचें आहे. त्या मापानें मोजलें तर तें ६५,००० माणसांचें झालें. आणि शंभर मेगावॉट हा आंकडा या धंद्यांत आतां मोठा राहिलेला नाहीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें गूगलनें विशाखापट्टणमसाठीं जाहीर केलेला प्रकल्प हजार मेगावॉटांच्या मापाचा आहे. प्रत्येक केंद्र बाष्पावरच थंड होतें असें नव्हे, शुद्ध केलेलें सांडपाणीही वापरतां येतें, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु आपल्या शेजारीं उभें राहणारें केंद्र यांपैकीं कोणता मार्ग घेणार, आणि उन्हाळ्यांत धरण तळाशीं गेलें असतां कोणाची तोटी प्रथम बंद होणार, हें त्या गांवाला अगोदर सांगण्याची तसदी कोण घेतो?

विजेची गोष्ट याहून व्यापक आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणें २०२४ सालीं जगांतील डेटा सेंटरांनीं सुमारें ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराचा हा दीड टक्का होय. २०३० पर्यंत हा आंकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल असा तिचा अंदाज आहे. दीड टक्का ऐकून कोणास हायसें वाटेल. पण हा भार सर्व जगावर सारखा पसरलेला नाहीं. तो थोड्या ठिकाणीं एकवटतो. आयर्लंडांत २०१५ सालीं मोजलेल्या एकूण विजेपैकीं ५ टक्के डेटा सेंटरांस जात होती. २०२३ सालीं तो वाटा २१ टक्के झाला, म्हणजे त्या देशांतील सर्व शहरी घरांच्या एकत्रित वापराच्याही पुढें गेला. भारतांतील डेटा सेंटरांच्या क्षमतेपैकीं सुमारें निम्मी मुंबई व तिच्या परिसरांत आहे, कारण समुद्राखालून येणाऱ्या तारा याच किनाऱ्यावर वर येतात आणि पेढ्या व बाजारही येथेंच आहेत. याच महानगरासाठीं ट्रॉम्बे येथें अद्याप कोळसा जाळून वीज काढली जाते. त्याच्या शेजारच्या माहुलमध्यें नेऊन ठेवलेल्या विस्थापित कुटुंबांसाठीं २०१९ सालीं उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, इतकी तेथील हवा वाईट होती. विजेचा नवा मोठा ग्राहक दाराशीं येऊन उभा राहिला म्हणजे जुना धूर थांबविण्याचा दिवस लांबतो, हें समजण्यास तज्ज्ञ असावें लागत नाहीं.

आतां जमिनीकडे वळूं. ‘विकासासाठीं थोडा त्याग करा, तुमच्या मुलांचें कल्याण होईल’ ही भाषा ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील आगरी व कोळी समाज प्रथमच ऐकत आहे असें नाहीं. तेथें आधीं औद्योगिक वसाहत आली. मग १९७० सालीं नव्या शहरासाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. भातशेतें गेलीं, मिठागरें गेलीं, खाडीचें रूप पालटलें. न्याय्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढा झाला. जानेवारी १९८४ मध्यें जासई परिसरांत गोळीबार होऊन पांच जणांनीं प्राण गमावले. आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचें तत्त्व सरकारला सुचलें तें त्या रक्तपातानंतर. तरीही त्या काळच्या व्यवहारांत एक आशा होती. शेत गेलें तरी मुलगा कारखान्यांत लागेल, ही ती आशा. ती कितपत फळली हा प्रश्न निराळा. पण कारखान्याला माणसांची गरज तरी होती. पाळी बदलतांना त्याच्या दारांतून शेंकडों लोक आंत-बाहेर करीत, आणि चहाच्या टपऱ्या, खाणावळी, रिक्षा, भाड्याच्या खोल्या हा सगळा संसार त्यांच्या पावलांवर उभा राही. आज त्याच पट्ट्यांत कांहीं जुन्या कारखान्यांच्या जागीं माहितीचीं हीं कोठारें उभीं आहेत. बांधकाम चालू असेतों तेथें गर्दी असते. तें संपलें म्हणजे यंत्रें राहतात, आणि त्यांच्या दिमतीला थोडे अभियंते, थोडे पहारेकरी व झाडलोट करणारे.

ही अतिशयोक्ति आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं सरकारी आंकडेच पाहावेत. सप्टेंबर २०२५ मध्यें राज्य सरकारनें लोढा कंपनीशीं डेटा सेंटरांच्या एका विशाल संकुलाचा करार केला. गुंतवणूक ३०,००० कोटि रुपये सांगितली गेली, आणि रोजगार प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारें ६,०००. भागाकार वाचकांनींच करावा: एका रोजगारामागें पांच कोटि रुपये! आणि तोही ‘अप्रत्यक्ष’ या सोयीस्कर शब्दाची पोतडी भरून. जो उद्योग पांच कोटि रुपयांमागें एका माणसाला काम देतो त्याला उद्योग म्हणून यावयाचें असेल तर अवश्य यावें. परंतु त्यानें रोजगाराचा नारळ पुढें करून जमीन, पाणी व सवलती मागूं नयेत. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पांत केंद्र सरकारनें डेटा सेंटरांस पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. राज्यें वीजशुल्कांत व मुद्रांकशुल्कांत सूट देण्याची चढाओढ करीत आहेत. ही सूट म्हणजे सार्वजनिक पैसाच होय, आणि जेथें सार्वजनिक पैसा जातो तेथें सार्वजनिक प्रश्न विचारले जाणारच.

महाराष्ट्राला या प्रश्नाची परंपरा आहे. मुंबईच्या विजेसाठीं टाटांच्या कंपनीनें मुळा व निळा या नद्यांवर धरण बांधावयास घेतलें, तेव्हां मावळांतील सुमारें पन्नास गांवें पाण्याखालीं जाणार होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांस महाराष्ट्र सेनापति म्हणूं लागला तो याच लढ्यांत. त्या वेळींही शहाण्या लोकांनीं हेंच सांगितलें कीं वीज राष्ट्राच्या हिताची आहे, मूठभर मावळ्यांसाठीं ती अडविणें हा अडाणीपणा होय. धरण झालें, वीज मुंबईला गेली, आणि गांवें तळाला गेलीं. त्या सत्याग्रहींनीं विजेला शाप दिला नव्हता. त्यांचा प्रश्न एवढाच होता कीं ज्याचें घर बुडणार त्याला कोणीं विचारलें काय? शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. सत्याग्रहाचें नांव पाठ्यपुस्तकांत शिरलें. त्याचा प्रश्न मात्र अद्याप उत्तराची वाट पाहत उभा आहे.

आणि आजचा कायदा त्या प्रश्नाला कोणतें उत्तर देतो तें ऐकण्यासारखें आहे. मोठ्या प्रकल्पांस पर्यावरणविषयक परवानगी देण्याची जी २००६ ची अधिसूचना आहे, तिच्या यादींत डेटा सेंटर असा स्वतंत्र प्रकारच नाहीं. त्याची गणना होते ती बांधकामांत. वीस हजार चौरस मीटरांहून मोठ्या बांधकामाला परवानगी लागते खरी, पण बांधकामाच्या वर्गाला त्याच अधिसूचनेनें जनसुनावणींतून वगळलें आहे. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांनाही तशीच मोकळीक आहे. याचा अर्थ असा कीं एका लहानशा शहराइतकी वीज पिणारी, डिझेलच्या जनित्रांची रांग बाळगणारी ही वस्तु कायद्याच्या दृष्टीनें चाळीच्या किंवा कचेरीच्या पंक्तींतली ठरते, आणि शेजारच्या गांवाला बोलावून ‘तुमचें म्हणणें काय?’ असें विचारण्याचें बंधन कोणावरही राहत नाहीं. नियम मोडावा लागत नाहीं. नियमाची व्याख्या जुनी राहिली एवढ्यानेंच कार्यभाग होतो.

ही गुप्तता आपल्याच देशाचें वैशिष्ट्य आहे असें मात्र नव्हे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यांत कोलंबिया नदीच्या कांठीं द डॅल्स नांवाचें लहान शहर आहे. स्वस्त जलविद्युत् पाहून गूगलनें २००६ सालीं आपलें मोठें केंद्र तेथें सुरू केलें. तें किती पाणी पितें असें २०२१ सालीं एका वृत्तपत्रानें विचारलें, तेव्हां तें धंद्याचें गुपित आहे असें सांगून नगरपालिकाच वृत्तपत्राविरुद्ध कोर्टांत गेली. वर्षभराहून अधिक काळ हा वाद चालला; डिसेंबर २०२२ मध्यें तडजोड झाली व आंकडे बाहेर आले. शहराच्या एकूण पाण्यापैकीं पावाहून अधिक हिस्सा एकट्या त्या कंपनीकडे जात होता! लोकांनीं निवडलेली पालिका लोकांपासून लोकांच्याच पाण्याचा हिशेब लपविते, हें दृश्य विसरण्यासारखें नाहीं. याच शहरानजीक सेलिलो नांवाचा धबधबा होता. हजारों वर्षें तेथील मूळ रहिवासी त्यावर मासे धरीत. १९५७ सालीं विजेच्या धरणाखालीं तो बुडाला. मुळशी व सेलिलो यांमध्यें दोन महासागर आहेत, पण बुडणाऱ्याला न विचारण्याची रीत दोन्हीकडे एकच.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं, कारण तें अगदींच टाकाऊ नाहीं. पहिला आक्षेप असा कीं तुम्हीही दिवसांतून शंभर वेळां या यंत्रांचा उपयोग करतां. मग तक्रार कोणत्या तोंडानें? उपयोग करतों, आणि म्हणूनच बोलण्याचें कर्तव्य आमच्यावर अधिक आहे. धान्य खाणाऱ्यानें शेतमजुराच्या मजुरीविषयीं बोलूं नये असें कोणी म्हणत नाहीं. ज्याला सोय मिळते त्यानेंच तिचें मोल द्यावें. तें ज्याच्या विहिरीचें पाणी खोल गेलें त्याच्या माथीं मारूं नये, एवढाच न्याय आम्ही मागतों. दुसरा आक्षेप राष्ट्रहिताचा. देशाची माहिती देशांत राहिली पाहिजे; रिझर्व्ह बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतांतच ठेवण्याचा आदेश दिला तो योग्यच होता. हें आम्हांस मान्य आहे. परंतु माहिती देशांत ठेवावी या तत्त्वांतून ती अमुक गांवाच्या पाण्यावर, अमुक सवलतींवर, आणि अमुक आंकडे झांकून ठेवावी असा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रानें निघतो? तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी: आपण अटी घातल्या तर ते दुसऱ्या राज्यांत जातील. या भीतीवरच सर्व खेळ चालतो. पण समुद्राखालील तारा आणि मुंबईचा बाजार उचलून कोणास दुसरीकडे नेतां येत नाहींत. ज्याच्याजवळ देण्यासारखें इतकें आहे त्यानें याचकासारखें बोलूं नये.

अटी घातल्यानें काय होतें याचें उदाहरणही आहे. चिलीच्या सांतियागो शहराजवळ सेरियोस येथें गूगलनें योजिलेल्या केंद्रासाठीं सेकंदाला १६९ लिटर पाणी लागणार होतें, आणि तेंही दीर्घ अवर्षणानें गांजलेल्या प्रदेशांत. २०१९ पासून तेथील सामान्य रहिवाशांनीं विरोध सुरू केला. २०२४ च्या आरंभीं पर्यावरण न्यायालयानें परवानगीचा फेरविचार करण्यास फर्माविलें, आणि त्याच वर्षीं कंपनीनें जुना बेत सोडून हवेनें थंड होणाऱ्या नव्या बेताची घोषणा केली. जें तंत्र आधीं अशक्य किंवा महाग म्हणून सांगितलें जातें, तें लोक उठून उभे राहिल्यावर सहज सुचतें.

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत असें आहे. ठराविक विद्युत्‌क्षमतेवरील प्रत्येक डेटा सेंटरला २००६ च्या अधिसूचनेंत स्वतंत्र स्थान द्यावें, व तें वसाहतींत असो वा बाहेर, जनसुनावणी त्याला चुकूं नये. ती सुनावणी गांवांत, मराठींत व्हावी, आणि पाणी, वीज व डिझेलचा अंदाज तीपूर्वीं ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या फलकावर लागावा. केंद्र चालू झाल्यावर दरमहाचा प्रत्यक्ष वापर प्रसिद्ध करण्याची अट परवान्यांतच असावी. त्यांत धंद्याचें गुपित चालूं नये. पिण्याच्या पाण्यावर पहिला हक्क माणसांचा, हें टंचाईच्या दिवसांसाठीं करारांतच लिहून ठेवावें. आणि शुल्कांत जी सूट मिळते तिचा ठराविक भाग त्याच परिसराच्या शाळा, दवाखाने व पाणीयोजना यांकडे वळवावा.

या मागण्यांत क्रांतिकारक असें कांहीं नाहीं. त्या करण्यासाठीं फक्त अशा लोकांचा आवाज पाहिजे ज्यांचें बोलणें वर्तमानपत्रें छापतात आणि अधिकारी ऐकतात. म्हणजे तुमचा व आमचा. मुळशीच्या वेळीं शहरांतील शिकलेल्या वर्गांपैकीं पुष्कळांनीं आधीं सहानुभूति दाखविली व मग मोबदल्याच्या वाटाघाटींत लक्ष घातलें. मावळे एकटे पडले. या खेपेस निमित्त आपणच आहों, कारण त्या कोठारांत सांठविलेलीं छायाचित्रें, पत्रें व हिशेब आपले आहेत. आपल्या नगरपालिकेला, आपल्या आमदाराला प्रत्येकानें एक पत्र लिहावें आणि विचारावें कीं आमच्या भागांतील डेटा सेंटरांनीं गेल्या वर्षीं किती पाणी व किती वीज घेतली. उत्तर आलें तर तें शेजारच्या गांवाला वाचून दाखवावें. आलें नाहीं तर तें कां आलें नाहीं हेंही त्यांस सांगावें, आणि दुसरें पत्र लिहावें.